हार्मोन घ्यावेत की ऑपरेशन करावं, आणि तेही घरी न कळता?

विचारलंय ते थोडक्यात असं: वय २८, घर गोव्यात डिचोलीकडे, आईवडील, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचं लहान पोर असं एकत्र कुटुंब, नोकरी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत. जन्माने मुलगा, पण आतून तसं कधी वाटलं नाही. अंग बायकी व्हावं, दाढी जावी, छाती यावी, चेहरा जरा मऊ व्हावा असं वाटतं, पण घरी आणि कामावर इतक्यात कोणाला सांगायचं नाही. एक मैत्रीण म्हणाली म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायचा विचार आहे. तर हार्मोन बरे की सरळ ऑपरेशन, कमी कळून येणारं कुठलं?

मी हार्मोनचीच डॉक्टर आहे, बरीच वर्षं गोव्यातच प्रॅक्टिस करतेय, आणि असा प्रश्न घेऊन येणारे तुम्ही पहिले नाहीत. पण आधी त्या गोळ्यांचं बोलू, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करू नका. त्यातल्या बहुतेकांत इथिनिल एस्ट्राडिओल असतं, ते शरीरातल्या नैसर्गिक एस्ट्राडिओलपेक्षा, म्हणजे मुख्य एस्ट्रोजेनपेक्षा (बायकी हार्मोनपेक्षा) वेगळं, लिव्हरवर त्याचा जोर जास्त, आणि पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यामुळे बराच वाढतो. शिवाय लॅबमधल्या एस्ट्राडिओलच्या टेस्टमध्ये ते धड पकडलं जात नाही, म्हणजे तुम्ही किती घेताय आणि अंगात किती पोचतंय हे कोणालाच कळत नाही. डायन-३५ चं तर विशेष खूळ आहे, त्यात सायप्रोटेरोन, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं औषध, पण असतं म्हणून "यात दोन्ही कामं होतात" असं एकमेकांना सांगतात. एका गोळीत सायप्रोटेरोन २ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिओल ३५ मायक्रोग्रॅम, ती स्त्रियांच्या त्रासासाठी बनवलेली गोळी आहे. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दाबायला ती पुरत नाही म्हणून लोक एकाच्या तीन करतात, वर सिगारेट ओढतात, आणि मग पाय सुजला की माझ्याकडे येतात. हे औषध या कामाचंच नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता मूळ प्रश्न. हार्मोन आणि ऑपरेशन हे दोन समोरासमोरचे पर्याय धरून लोक विचारतात, आणि तिथेच घोळ होतो. हार्मोन हळू चालतात, पण ते कुठे काम करायचं हे तुमच्या हातात राहत नाही. छाती नको पण कातडी मऊ हवी, किंवा कंबर हवी पण बाकी काही नको, अशी निवड तिथे नाही, घेतलं की सगळीकडे जातं. ऑपरेशनचं उलटं, ते एकाच जागी होतं, जागा तुम्ही निवडता, पण त्यासाठी काही दिवस गायब व्हावं लागतं, कोणीतरी सोबत लागतं, बिल येतं, टाके येतात. म्हणजे हार्मोन काही महिन्यांनी दिसतात आणि ऑपरेशन त्याच आठवड्यात दिसतं. त्यामुळे "कमी कळणारं कुठलं" याचं एक उत्तर निघत नाही. मी प्रत्येक बदलाला वेगळं विचारते: हा बदल कोणाच्या नजरेला पडणार, कधीपासून पडणार, आणि उद्या मन बदललं तर मागे फिरता येईल का.

हार्मोनचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिल्या एक ते तीन महिन्यांत लैंगिक इच्छा उतरते, सकाळचं ताठ होणं कमी होतं. तीन ते सहा महिन्यांत कातडी मऊ आणि कमी तेलकट होते, अंडकोष लहान व्हायला लागतात, चरबी मांड्या-नितंबांकडे सरकायला सुरुवात होते, आणि छातीत स्तनाग्राच्या मागे एक गाठ येते. ही गाठ दुखते बरं का, स्कूटर खड्ड्यात गेली की कळ येते, गाडीचा सीटबेल्ट घासला तरी लागतं. पूर्ण वाढ व्हायला दोन ते पाच वर्षं लागतात, आणि बऱ्याच जणींची वाढ आई-बहिणींपेक्षा कमीच राहते, त्यामुळे फोटो बघून अपेक्षा धरू नका. अंगावरचे केस पातळ होतात पण दाढी काही जात नाही. आवाज तर अजिबात बदलत नाही, एकदा फुटलेला आवाज एस्ट्रोजेनने परत येत नाही. उंची, हाताचे पंजे, खांद्याची हाडं, काहीच नाही.

लोकांना वाटतं कमी डोस घेतला की छाती येणार नाही आणि बाकीचं मिळेल. नाही हो. कमी डोसने छाती उशिरा येईल, थोडी येईल, पण येईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती परत जात नाही. चरबी, स्नायू, कातडी हे सगळं औषध थांबवलं की काही महिन्यांत बरंचसं पूर्ववत होतं, छाती मात्र ऑपरेशननेच काढावी लागते. बीजाचंही तसंच, शुक्राणू कमी होतात आणि थांबवल्यावर परत येतीलच याची खात्री नाही. पुढेमागे स्वतःचं मूल हवंसं वाटायची शक्यता एक टक्का जरी वाटत असेल तर पहिली गोळी घेण्याआधी आयव्हीएफ सेंटरला जाऊन शुक्राणू गोठवून ठेवा, पणजी-मडगावला सोय आहे. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि २२ वर्षांचे सगळे म्हणतात मला मुलं नकोत. ठीक आहे, नकोत, पण तेच ३५ ला काय म्हणतील ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही.

आता "गुपचूप" चं बघू. ऑफिसात काही कळत नाही, खरंच नाही. सैल शर्ट, आत घट्ट बनियन किंवा स्पोर्ट्स ब्रा, वर्ष-दीड वर्षं सहज निघतं, लोक म्हणतात जाडा झालास. अडतं ते घरात. तुम्ही डिचोलीचे, घरी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, असणार. सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजेला बसायचं, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची छत, बांधायला हात वर करायचे, पाठीमागे काका, आते, सगळे चुलते. जानेवारीत औषध सुरू केलं तर चवथीपर्यंत सात-आठ महिने होतात, म्हणजे गाठ नुसती हाताला लागणारी राहिलेली नसते, नजरेला पडणारी असते. गावच्या देवळात पालखीला खांदा द्यायचा असेल, मित्रांबरोबर पावसात धबधब्यावर जायचं असेल, तिथेही तेच. मला विचाराल तर शर्टातून दिसतं का हा प्रश्नच नाही, तुमच्या घरात वर्षातून किती वेळा शर्ट काढावा लागतो हे आधी मोजा. क्रिश्चन घरातल्या माझ्या पेशंटना हा त्रास जवळपास नसतो, त्यांची अडचण वेगळी, त्यांना लग्नात सूट शिवायला टेलरकडे माप द्यावं लागतं.

कंपनीतलं पण एक. औषध कंपन्यांत दरवर्षी मेडिकल असतं, छातीला स्टेथोस्कोप लावायला डॉक्टर शर्ट वर करायला सांगतो. त्या डॉक्टरला काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. मी तर म्हणते सरळ सांगा, तो डॉक्टर आहे, पेशंटची गोष्ट एचआरला सांगायचा त्याला अधिकार नाही, त्याने कंपनीला फक्त फिट की अनफिट एवढं कळवायचं असतं.

औषधाचा प्रकार हा पण लपवण्याशी जोडलेला भाग आहे. एस्ट्राडिओल व्हॅलरेटच्या गोळ्या, प्रोगायनोवा वगैरे, घ्यायला सोप्या, पण स्ट्रिप कुठेतरी ठेवावी लागते, आणि वहिनीने ड्रॉवर उघडला आणि नाव गूगल केलं की संपलं. जेल असतं, ते दंडावर किंवा मांडीवर चोळायचं, गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी, म्हणून वय जास्त असेल, वजन जास्त असेल, सिगारेट सुटत नसेल तर मी जेलकडेच जाते. पण जेल वाळावं लागतं, आणि आपल्या हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, ते वाळायच्या आधी घामाने चिकट होतं. रात्री फॅनखाली लावा आणि हात साबणाने धुवा. तुमच्या घरात लहान पोर आहे ना, ते अंगाखांद्यावर खेळतं, तर लावलेल्या जागेला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका, लहान मुलाच्या अंगात ते जाऊ शकतं आणि त्याची छाती वाढू शकते. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, पॅकेटवर लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. पॅच आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी गोव्याच्या घामात टिकत नाहीत.

नुसत्या एस्ट्रोजेनवर बहुतेकांचं टेस्टोस्टेरॉन पुरेसं खाली येत नाही म्हणून दुसरं औषध लागतं. आपल्याकडे जास्त करून स्पायरोनोलॅक्टोन देतात. त्याने लघवी जास्त होते, बीपी उतरतो, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. आता गोव्यात हे सांगणं म्हणजे कठीणच, कारण ऊन लागलं की प्रत्येक जण शहाळं पितो आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी ठणठणीत असलेल्या तरुण माणसाला एखादं शहाळं काही करत नाही, पण रोज दोन-तीन, वर बीपीसाठी म्हणून घरात आणलेलं लो सोडियम मीठ, ज्यात पोटॅशियम क्लोराइडच असतं, आणि जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेलं, असं सगळं एकत्र आलं की मला काळजी वाटते. म्हणून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, सुरुवातीला आणि मधूनमधून बघायचंच. सायप्रोटेरोन हा दुसरा पर्याय, ते चांगलं दाबतं पण जास्त डोसने बराच काळ घेतलं तर मेंदूच्या आवरणाच्या गाठीचा, मेनिंजिओमाचा, धोका वाढतो, २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी त्यावर बंधनं आणली. घ्यायचंच तर अगदी कमी डोस. ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या जुन्या चिठ्ठ्या कोणी दाखवल्या तर त्यावर जाऊ नका. तिसरा पर्याय ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं, महिन्याला किंवा तीन महिन्यांना एक, घरात स्ट्रिप नाही, लपवायला सगळ्यात सोपं, फक्त खिशाला चटका.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि एस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मध्ये, हे साधारण टार्गेट आम्ही धरतो. ज्या दंडाला जेल लावता त्याच हातातून रक्त देऊ नका, आकडा खोटा चढून येतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल, आणि तुम्ही सगळे घेताच, तर टेस्टच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्यानेही रिपोर्ट बिघडतो. लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो, त्यात पुरुषांच्या रेंजप्रमाणे लाल अक्षरात सगळं "हाय" आणि "लो" छापलेलं असतं, तेव्हा लॅबला नंबर स्वतःचा द्या, घरच्या लॅपटॉपवर उघडं ठेवलेलं व्हॉट्सअ‍ॅप बंद करा. किरकोळ वाटतं, पण जवळपास सगळ्यांचं घरी कळतं ते असंच, छातीवरून नाही.

ऑपरेशनकडे येऊ. इथे एक ऑपरेशन असं आहे जे बाहेरून कोणाला म्हणजे कोणाला दिसत नाही, ते म्हणजे ऑर्किएक्टमी, दोन्ही अंडकोष काढणं. छोटी चीर, एखादा दिवस हॉस्पिटल, किंवा त्याच दिवशी घरी, आठवडा-दोन आठवडे विश्रांती, काही आठवडे जड उचलायचं नाही आणि स्कूटर बंद. गोव्यात स्कूटर बंद म्हणजे सगळा वाडा विचारणार, पण लोक हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगतात आणि ते खपतं. मी शिकवत नाहीये, लोक काय करतात ते सांगतेय. याचा फायदा मोठा: टेस्टोस्टेरॉनचा कारखानाच बंद, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन, सायप्रोटेरोन काहीच नको, पोटॅशियमची काळजी नको, एस्ट्रोजेनचाही डोस कमी पुरतो.

पण "मग हेच आधी करते, गोळ्यांची कटकट नको" असं जे म्हणतात, त्यांचं गणित चुकतं. अंडकोष काढल्यावर अंगात ना टेस्टोस्टेरॉन ना एस्ट्रोजेन, अशी अवस्था चालत नाही. घाम फुटतो, अंग गरम होतं, मूड कोसळतो, आणि काही वर्षांत हाडं पोकळ व्हायला लागतात. त्यामुळे एस्ट्रोजेन घ्यावंच लागतं, आणि ते वर्षानुवर्षं. म्हणजे गोळी टाळण्यासाठी केलेल्या ऑपरेशनने गोळी कायमची गळ्यात येते, आणि आधी मनात आलं की थांबवता येत होती ती आता थांबवता येत नाही. मूल व्हायचा रस्ता त्या दिवशीच बंद. पुढे कधी योनी बनवायची शस्त्रक्रिया करायची असेल तर तिथली कातडी आकसून कमी पडू शकते, ते सर्जनला आधी विचारा. जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, डब्ल्यूपाथ या ट्रान्सजेंडर आरोग्याच्या जागतिक संस्थेच्या आठव्या आवृत्तीत, हार्मोन हवे असतील तर हे ऑपरेशन करण्याआधी किमान सहा महिने हार्मोन घेऊन बघावेत असं आहे. ते मला पटतं, कारण त्या सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉनशिवाय आपण कसे आहोत हे माणसाला कळतं. बऱ्याच जणींना इतकं शांत वाटतं की त्या म्हणतात डोक्यातला आवाज बंद झाला. आणि क्वचित एखाद्याला अजिबात बरं वाटत नाही, उदास होतो. तो थांबतो, आणि त्याला थांबता येतं हेच महत्त्वाचं. आपल्याकडचे बहुतेक सर्जन यासाठी दोन सायकियाट्रिस्टची पत्रं मागतात, तो वेळ धरून चला.

छातीचं इम्प्लांट आधी करू का, असंही विचारतात. नको. हार्मोनवर वर्षभर तरी वाढ होऊ द्यायची, मग जागा, कातडी, आकार बघून ठरवायचं. आणि तुमची अट गुपचूप ही असेल तर हे ऑपरेशन त्या अटीत बसतच नाही, काल नव्हती ती आज आली असं होतं. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत, पुढे कधीतरी बदलावे लागतात हेही कोणी सांगत नाही.

चेहऱ्याची गोष्ट मात्र मजेशीर आहे. कपाळाचं हाड घासणं, हनुवटी, जबडा, यात दोन-तीन आठवडे तोंड सुजलेलं, डोळ्याखाली काळंनिळं, त्या दिवसांत लपणं अशक्य, पूर्ण सूज उतरायला काही महिने. पण ती उतरली की लोकांना नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, झोप चांगली झालेली दिसतेय म्हणतात. आणि नाकाचं ऑपरेशन हे एकच असं आहे जे घरात उघड सांगून करता येतं, श्वासाला त्रास होत होता, पडदा वाकडा होता, झालं. नाक जरा बारीक झालं तर आईच म्हणते बरं दिसतं. कंठमणी घासण्याचं छोटं ऑपरेशन पण असतं, व्रण हनुवटीखाली लपतो, मात्र जास्त घासलं तर आवाज बिघडतो, म्हणून ते नेहमी करणाऱ्याकडेच.

नितंबात चरबी भरणं, म्हणजे कंबरेची काढून खाली घालणं, याबद्दल मी थंडच असते. भरलेली काही चरबी जिरून जाते, आणि चरबी चुकून मोठ्या शिरेत गेली तर माणूस टेबलावर दगावतो, जगभर अशा केसेस झाल्यात. आणि सुईने पातळ सिलिकॉन भरून देतो म्हणणारा कोणी भेटला, मुंबईत असो की किनाऱ्यावरच्या एखाद्या पार्लरात, तर तिथून उठून निघा. ते आत पसरतं, गाठी होतात, फुप्फुसात जातं, आणि पुन्हा काढता येत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही पण मी सुरुवात तिथून करेन. दाढीचं लेझर. याला ना हार्मोन लागतात ना ऑपरेशन, आणि गुपचूपपणात याला तोड नाही, कारण आजकाल मुलगेही दाढीला शेप द्यायला, मानेवरचे केस काढायला लेझर करतात. यात केस उपटायचे नसतात, वॅक्सिंग-थ्रेडिंग बंद, ब्लेडने दाढी चालते, म्हणजे बघणाऱ्याला तुम्ही नुसते रोज दाढी करणारे दिसता. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने बरीच सेशनं लागतात, दाढीला तर काखेपेक्षा जास्तच. आपल्या सावळ्या कातडीला एनडी-याग लेझर सुरक्षित पडतं, चुकीच्या मशीनने भाजून काळे डाग पडतात. लेझरच्या आधी आणि नंतर ऊन चालत नाही, म्हणून मी सगळ्यांना जूनमध्ये सुरू करायला सांगते, पावसाचे चार महिने रेनकोटची टोपी आणि ढग, आपोआप काम होतं. मे महिन्यात मोरजीला दिवसभर वाळूत बसून दुसऱ्या दिवशी लेझरला येतात त्यांना मी परत पाठवते. पांढरे केस लेझरने जात नाहीत, त्यांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेक केसाचं मूळ सुईने विजेवर जाळणं.

आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट. काही महिने रोज सराव, पण हा एकच बदल असा आहे जो घराच्या दारात काढून ठेवता येतो आणि बाहेर पडलं की घालता येतो. पेडण्याकडे दशावतार बघितलाय ना, पाच-साडेपाच फूट उंचीचा, मिशा काढलेला माणूस रात्रभर राणीच्या आवाजात बोलतो आणि सकाळी चहाच्या टपरीवर पुन्हा स्वतःच्या. गळा तोच, सराव वेगळा. टक्कल पडायला लागलं असेल तर फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल आधी सुरू करा, गेलेले केस हार्मोनने परत येण्याची आशा धरू नका, आहेत ते राखा.

तर तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगेन. या पावसात लेझर आणि आवाज. त्याच दरम्यान एखाद्या सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टशी चार-पाच भेटी, परवानगी मिळवायला म्हणून जाऊ नका, बोलायला जा. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, प्रायव्हेटमध्येही आहेत. कोणी "बदलून देतो, बरं करतो" म्हणालं तर उठा, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. शुक्राणूंचं ठरवा. सिगारेट सोडा. मग सहा-आठ महिन्यांनी, छाती येणार आणि एक दिवस घरी कळणार हे मान्य असेल तरच हार्मोन. ते मान्य नसेल तर हार्मोन आत्ता नकोत, हे मी हार्मोनची डॉक्टर असून सांगतेय. ऑर्किएक्टमीचा विचार हार्मोनवर वर्षभर नीट गेल्यावर, आणि घरातून बाहेर स्वतःची खोली घेतल्यावर. खरं तर तुमच्या बाबतीत मला वाटतं की वेर्णा-वास्कोकडे भाड्याची खोली हीच सगळ्यात उपयोगी पडेल, गोळीपेक्षा आणि ऑपरेशनपेक्षा, रोजचं डिचोली-वेर्णा येणंजाणं हे कारण आयतंच आहे.

पैशाचं आणि कागदाचं. ऑपरेशनला कंपनीची मेडिक्लेम वापरलीत तर क्लेमचे कागद कोणाच्या हातून जातात ते आधी विचारा. डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड कुटुंबाचं असतं, तिघांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, ती रक्कम घरातल्या सगळ्यांची मिळून, त्यातून काहीही गेलं की वडिलांना कळणार. जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, चांगले डॉक्टर आहेत, पण बांबोळीच्या ओपीडीत गेलं आणि ओळखीचं कोणी भेटलं नाही असं गोव्यात होत नाही, नर्स नाही तर लिफ्टमन तरी गावचा निघतो. बरेच जण म्हणून मुंबई-पुण्याला किंवा बेळगावला जातात. जा, पण फॉलोअप इथे कोण बघणार ते ठरवून जा, टाके तिथे आणि ताप इथे असं होऊ देऊ नका. गावातल्या फार्मसीत चिठ्ठी दाखवायची लाज वाटत असेल तर पणजीहून घ्या, पण चिठ्ठीशिवाय, ऑनलाइन कुठून तरी मागवलेलं नको, आत काय आहे कळत नाही. डॉक्टरने तुमची गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायची नसते, मानसिक उपचारांबद्दल तर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातच गोपनीयतेचा हक्क आहे. तुम्ही २८ वर्षांचे आहात, सहीला वडील लागत नाहीत.

एका माणसाला मात्र माहीत असायलाच हवं, भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणीही. माझी ही अट आहे, त्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही. कारण असं: एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर १०८ बोलवायचं आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "एस्ट्रोजेन चालू आहे" हे सांगायचं. तुम्ही बोलू शकत नसाल तर ते कोणीतरी सांगायला हवं. भूल देण्याआधीही तेच, अगदी दाताच्या मोठ्या कामाला गेलात तरी.

आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली असेल, २८ म्हणजे झालीच असणार, तर सगळं झाकलं जावं म्हणून एखाद्या मुलीशी लग्न करू नका. तिचा यात काही संबंध नाही.

पहिल्या भेटीला येताना उपाशीपोटी सकाळी या, म्हणजे साखर आणि लिपिड त्याच दिवशी होतील. आतापर्यंत कुठलीही गोळी, प्रोटीन पावडर, ब्रेस्टची क्रीम, आयुर्वेदिक कॅप्सूल घेतली असेल तर डबा घेऊन या, नाव आठवून सांगू नका. घरात कोणाला गुठळी, पॅरालिसिस किंवा कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल तर तेवढं आईला सहज विचारून ठेवा, कारण न सांगता. रिसेप्शनवर "थायरॉइडसाठी" सांगितलंत तरी चालेल, माझ्याकडचे अर्धे लोक त्यासाठीच बसलेले असतात.